ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे मानसिक आरोग्य : विद्यापीठीय अभ्यासाची दिशा

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी कित्येकांची मुले-मुली आज नर्सिंग, समाजकार्य, मानसशास्त्र अशा शाखांच्या शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. त्यांतील काहीजण ऑस्ट्रेलियाची वाट धरतात. तेथील विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर त्यांच्यासमोर लवकरच एक असा विषय येतो, की ज्याची पूर्वतयारी आपल्याकडे झालेली नसते. तो विषय म्हणजे त्या देशाच्या मूळ रहिवाशांचे आरोग्य, आणि त्यातही मानसिक आरोग्य. नर्सिंगच्या पदवीला तेथे मान्यता हवी असेल तर मूळ रहिवाशांच्या आरोग्याचा, इतिहासाचा व संस्कृतीचा अभ्यास तीत असावाच लागतो. मानसशास्त्र आणि समाजकार्य यांच्या पदव्यांकडूनही तीच अपेक्षा असते. विद्यार्थी विषय घेतो, निबंध लिहितो, उत्तीर्ण होतो. पुढे इस्पितळात किंवा वस्तीत काम करताना आपण कागदावर केलेल्या एका नोंदीमुळे एखाद्या आईचे मूल तिच्यापासून दूर जाऊ शकते, हे मात्र त्याच्या ध्यानी आलेले नसते. आजही सरकारी देखरेखीखाली घराबाहेर ठेवलेल्या मुलांत मूळ रहिवाशांच्या मुलांचे प्रमाण इतर मुलांच्या मानाने सुमारे दहापट आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांविषयी. आपल्या चळवळीत 'मूलनिवासी' हा शब्द एका विशिष्ट अर्थाने रुळलेला आहे. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. गोंधळ नको म्हणून आम्ही या लेखात 'मूळ रहिवासी' असा साधा शब्द वापरला आहे. ऑस्ट्रेलियात हे दोन वेगळे समुदाय मानले जातात. एक अॅबोरिजिनल लोक, म्हणजे मुख्य भूमी व टास्मानिया येथील शेकडो राष्ट्रे. आणि दुसरे, पापुआ न्यू गिनी व ऑस्ट्रेलिया यांच्यामधील बेटांवरचे टॉरेस सामुद्रधुनीचे बेटवासी. त्यांनाही एका साच्यात बसवून चालत नाही. कोणी विराजुरी, कोणी नूंगार, कोणी योल्ङू, कोणी बार्डी. इंग्रज येण्यापूर्वी या भूमीवर अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि माणसांची वस्ती पन्नास हजार वर्षांपेक्षाही जुनी होती. २०२१ च्या शिरगणतीत ८,१२,७२८ जणांनी आपण मूळ रहिवासी असल्याचे नोंदविले. हे प्रमाण लोकसंख्येच्या ३.२ टक्के भरते. विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी : समोरचा माणूस कोणत्या राष्ट्राचा, हे त्याला आदराने विचारावे.

इतिहास हा या विषयाचा पहिला धडा

मानसशास्त्राच्या वर्गात इतिहास कशाला, असा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर एका आकड्यात आहे. १९८० ते १९८९ या काळात कोठडीत व तुरुंगात मरण पावलेल्या ९९ मूळ रहिवाशांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी एक राजकीय आयोग १९८७ मध्ये नेमला गेला. त्याचा अहवाल १९९१ मध्ये आला. त्या ९९ जणांपैकी ४३ जण लहानपणीच आपल्या जन्मदात्या कुटुंबापासून तुटलेले होते. एवढे एक वाक्य वाचले तरी कळते की, मनाच्या आजाराचे मूळ केवळ मेंदूत शोधून भागणार नाही.

मुले तोडण्याचे हे काम कायद्याने चालत असे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने 'मुख्य संरक्षक' नावाचा सरकारी अधिकारी सोळा वर्षांखालील प्रत्येक अॅबोरिजिनल मुलाचा कायदेशीर पालक ठरला. न्यू साऊथ वेल्समध्ये १९०९ चा कायदा झाला आणि १९१५ च्या दुरुस्तीने मंडळाला असा अधिकार मिळाला की, मुलाची हेळसांड झाल्याचे न्यायालयात सिद्ध न करताही ते त्याला घेऊन जाऊ शकत असे. कूटामंड्रा येथील वसतिगृहात मुलींना नेऊन घरकामाच्या नोकरीसाठी तयार करीत. किंचेला येथील मुलांच्या वसतिगृहात मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारीत. 'संरक्षण' आणि 'कल्याण' हे शब्द त्या काळी सरकारी फलकांवर होते, हे कल्याण हा शब्द आपल्या नावात मिरवणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांनी जरा थांबून वाचावे.

१९९७ साली मानवी हक्क आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला. सर रोनाल्ड विल्सन व मिक डॉडसन यांनी देशभर फिरून साक्षी ऐकल्या होत्या. १९१० ते १९७० या काळात दर तिनांपैकी एक ते दर दहांपैकी एक इतकी मुले कुटुंबापासून तोडली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. नेमका आकडा मिळत नाही, कारण नोंदीच अपुऱ्या होत्या. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. या पिढ्यांना तेथे 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. त्यांतील पुष्कळजण आज वृद्ध आहेत आणि इस्पितळात, वृद्धाश्रमात येतात. ज्याचे बालपण सरकारी वसतिगृहात गेले त्याला वृद्धाश्रमातील लांबच लांब खोली, ओळीने मांडलेल्या खाटा आणि गणवेशातील कर्मचारी पाहून काय वाटत असेल, हा प्रश्न परिचारिकेने स्वतःला विचारायचा असतो. रुग्ण 'सहकार्य करीत नाही' अशी नोंद करणे मात्र फार सोपे असते.

१९६५ साली चार्ल्स पर्किन्स व सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी बसमधून न्यू साऊथ वेल्सच्या गावोगावी फिरले. मोरी गावच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात अॅबोरिजिनल मुलांना मज्जाव होता, तो त्यांनी जगासमोर आणला. पाण्याची ही गोष्ट आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मानसशास्त्राचा स्वतःचा हिशेब

या विषयाचा दुसरा धडा अधिक अवघड आहे, कारण तो विद्यार्थी ज्या शास्त्राची पदवी घेत असतो त्या शास्त्राविषयीच आहे. स्टॅन्ली पोर्टियस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कागदावरील चक्रव्यूहातून पेन्सिलीने वाट काढण्याची एक बुद्धिचाचणी तयार केली होती. १९२९ साली तो ती घेऊन किंबर्ली व मध्य ऑस्ट्रेलियातील अॅबोरिजिनल लोकांकडे गेला आणि १९३१ मध्ये त्यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच त्या लोकांना 'आदिम' म्हटले होते. ज्यांना वाळवंटात पाण्याची प्रत्येक जागा ठाऊक, ज्यांच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या गाण्यांतून जपलेल्या, त्यांची अक्कल कागदावरील वाटेने मोजली गेली! अशा चाचण्यांना शास्त्राचा शिक्का मिळाला की धोरणकर्त्यांना आधार सापडतो.

हा केवळ जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रीय संस्थेने मूळ रहिवाशांची जाहीर क्षमा मागितली. त्यांच्या श्रद्धांचा व जगण्याचा विचार न करणाऱ्या निदानपद्धती वापरल्या, गैरलागू चाचण्या लावल्या, संशोधकाच्या बढतीला उपयोगी पण लोकांना निरुपयोगी असे संशोधन केले, आणि मुले तोडली जात असताना मौन पाळले, हे त्या संस्थेने मान्य केले. एखाद्या व्यावसायिक संस्थेने आपल्या धंद्याच्या हत्यारांबद्दल माफी मागावी, ही फार मोठी घटना आहे असे आम्हास वाटते. आपल्या विद्यापीठांतही ती अभ्यासली जावी.

आरोग्य म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे ?

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात मूळ रहिवाशांनी स्वतःच्या ताब्यातील पहिला दवाखाना सुरू केला. आज असे शंभराहून अधिक दवाखाने व सेवा देशभर आहेत. या चळवळीच्या अनुभवातून १९८९ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात एक व्याख्या आली. तिचा आशय असा : आरोग्य म्हणजे एकट्या माणसाच्या शरीराचे ठीक असणे एवढेच नसून संपूर्ण समाजाचे सामाजिक, भावनिक व सांस्कृतिक स्वास्थ्य. १९९५ मध्ये पॅट स्वान व बेव्हर्ली रॅफेल यांनी मानसिक आरोग्यावरचा राष्ट्रीय अहवाल सादर केला. त्यातील नऊ मार्गदर्शक तत्त्वे आजही प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जातात. या साऱ्यांतून 'सामाजिक आणि भावनिक स्वास्थ्य' हा शब्दप्रयोग रूढ झाला. मूळ रहिवाशांतील पुष्कळांना 'मानसिक आरोग्य' या शब्दापेक्षा तो जवळचा वाटतो, कारण 'मानसिक' म्हटले की पाठोपाठ वेडाचे इस्पितळ आणि पोलिसांची गाडी आठवते.

या स्वास्थ्याचे चित्र वर्गात फळ्यावर काढून दाखवतात. मध्यभागी माणूस. त्याच्याभोवती सात नाती : शरीराशी, मनाशी व भावनांशी, कुटुंब व नातेगोत्याशी, समाजाशी, संस्कृतीशी, भूमीशी, आणि पूर्वज व अध्यात्म यांच्याशी. या सातांच्याही बाहेर आणखी वर्तुळे, ती इतिहासाची, राजकारणाची व सामाजिक परिस्थितीची. ही मांडणी करणाऱ्यांत पॅट डजियन यांचे नाव अग्रभागी आहे. त्या किंबर्लीतील बार्डी समाजाच्या असून मानसशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या अॅबोरिजिनल व्यक्ती म्हणून ओळखल्या जातात. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातील अॅबोरिजिनल अध्ययन केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. देशातील पहिल्या मूळ रहिवासी डॉक्टर हेलन मिलरॉय याही पुढे बालमानसोपचारतज्ज्ञ झाल्या, ही गोष्ट सूचक आहे.

सातांपैकी भूमीचे नाते आपल्या शहरी विद्यार्थ्यांना सर्वांत कठीण जाते. 'कंट्री' हा शब्द तेथे देश किंवा खेडेगाव या अर्थी येत नाही. जमीन, पाणी, प्राणी, पूर्वजांच्या कथा, त्या जागेचे नियम व तिच्याबद्दलची माणसाची जबाबदारी हे सारे त्यात येते. एखादा रुग्ण 'मला माझ्या कंट्रीवर परत जायचे आहे' म्हणतो तेव्हा त्याला घरची आठवण आली एवढाच अर्थ काढला तर तो पुरता कळलेला नसतो. दूरच्या वस्तीतील माणसाला डायलिसिससाठी शेकडो किलोमीटर दूर शहरात महिनोन्‌महिने ठेवले जाते. अशा वेळी त्याच्या उदासीनतेवर गोळी लिहून देणारा डॉक्टर चूक करतो असे आम्ही म्हणणार नाही. पण परत जाण्याची सोय कशी करता येईल हा प्रश्नही उपचाराचाच भाग असतो.

एक उदाहरण

निदानाचा प्रश्न समजण्यासाठी एक काल्पनिक रुग्ण घेऊ. समजा, पन्नाशीच्या एक बाई इस्पितळात आल्या आहेत. त्या डोळ्याला डोळा देत नाहीत. प्रश्न विचारला की बराच वेळ गप्प राहतात. अलीकडेच वारलेल्या भावाचा आवाज रात्री ऐकू येतो असे सांगतात, मात्र त्याचे नाव घ्यायला तयार नाहीत. पुस्तकी पद्धतीने लक्षणे मोजणारा विद्यार्थी लिहील : नजर टाळते, विचार मंद, भास होतात, माहिती लपवते. त्याच्या कागदावर एक गंभीर मनोविकार उभा राहिला.

आता हेच तिच्या बाजूने पाहू. पुष्कळ समाजांत वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाच्या डोळ्यांत रोखून न पाहणे हा शिष्टाचार आहे. उत्तरापूर्वीचे मौन म्हणजे विचार करण्याचा अवधी. मृताचे नाव काही काळ न उच्चारणे हा शोकाचा नियम आहे. आणि गेलेल्या आप्ताचा आवाज ऐकू येणे हे शोककाळात अनेकांना स्वाभाविक, किंबहुना धीर देणारे वाटते. तेव्हा सगळी लक्षणे गळून पडली, असे समजावे काय? तसेही नाही. हा आवाज तिला घाबरवतो का, मरायला सांगतो का, तिच्या नात्यातील वडीलधाऱ्या बायकांना तो नेहमीचा वाटतो की त्याही चिंतेत आहेत, हे विचारावेच लागेल. संस्कृतीच्या नावाखाली खरा आजार नजरेआड करणे हीदेखील हानीच. मूळ रहिवाशांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक असताना ही चूक परवडणारी नाही. म्हणून चांगले अध्यापक विद्यार्थ्याला घाईने कोणत्याही बाजूला जाऊ देत नाहीत. घरच्यांना विचार, मूळ रहिवासी आरोग्य सेवकाला सोबत घे, मग लिही, असे ते शिकवतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथातही रुग्णाची स्वतःची समजूत जाणून घेण्यासाठी सोळा प्रश्नांची मुलाखत दिलेली आहे.

प्रश्नावल्यांचेही तसेच. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. मध्य ऑस्ट्रेलियात तिची भाषा तेथील लोकांच्या मदतीने बदलण्यात आली आणि पाचशे जणांवर तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ट्रेसी वेस्टरमन या पिलबारा भागातील न्यामल समाजाच्या मानसशास्त्रज्ञाने अॅबोरिजिनल किशोरांसाठी वेगळी लक्षणसूची तयार केली. आपल्याकडेही 'नैराश्य' हा शब्द छापील कागदावर असतो; वस्तीतली बाई मात्र 'जीव लागत नाही, हातापायातलं बळ गेलंय' असे सांगते. तिला 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निराश वाटले' असे विचारले तर ती 'नाही' म्हणेल आणि कागदावर ती निरोगी ठरेल.

या संदर्भात एन.पी.वाय. महिला परिषदेचा प्रयोग आम्हास फार मोलाचा वाटतो. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील अनांगु स्त्रियांची ही संघटना १९८० पासून काम करते. तिच्याकडे न्गांगकारी, म्हणजे परंपरागत उपचार करणारे, पगारी कामावर आहेत. गेल्या दशकाच्या सुरुवातीला या परिषदेने 'उती कुलिंचाकू' नावाचा उपक्रम हाती घेतला. अर्थ, स्वच्छ विचार करून समजून घेणे. वडीलधाऱ्या अनांगु स्त्रिया, न्गांगकारी आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसले. भावनांसाठी आपल्या भाषांत किती शब्द आहेत ते त्यांनी गोळा केले व त्यांचा चित्रमय तक्ता छापला, जेणेकरून तरुणांना आपले दुःख आपल्याच भाषेत सांगता यावे. आणि 'ट्रॉमा' म्हणजे तुम्ही डॉक्टर लोक नेमके काय म्हणता, हेही त्या स्त्रियांनी खोदून खोदून विचारून घेतले. समजावून सांगण्याचे काम दोन्ही बाजूंना करावे लागले.

कॅनडातील एक अभ्यास

आत्महत्येच्या आकड्यांवरून एखाद्या समाजाविषयीच हताश होण्याची चूक विद्यार्थी करतात. त्यावर उतारा म्हणून ऑस्ट्रेलियातील वर्गांतही कॅनडाचा एक अभ्यास सांगितला जातो. मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लालोंड यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील जवळजवळ दोनशे मूळ रहिवासी समाजांतील १९८७ ते १९९२ या काळातील तरुणांच्या आत्महत्या तपासल्या व १९९८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सर्वांचा मिळून दर इतर लोकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. परंतु समाजवार आकडे मांडले तेव्हा निराळेच चित्र दिसले. अर्ध्याहून अधिक समाजांत त्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. बहुतेक सारे मृत्यू थोड्याच समाजांत एकवटले होते.

मग फरक कशाचा? त्यांनी सहा गोष्टी पाहिल्या : स्वतःचा कारभार, जमिनीच्या हक्कासाठी चाललेला लढा, शाळांवरील ताबा, आरोग्यसेवेवरील ताबा, पोलीस व अग्निशमन व्यवस्थेवरील ताबा, आणि सांस्कृतिक कार्यासाठी स्वतःची वास्तू. ज्या समाजांत यांपैकी जितक्या जास्त गोष्टी होत्या तितक्या आत्महत्या कमी. सहाही असलेल्या समाजांत शून्य. अर्थात यातून कार्यकारणभाव सिद्ध होतो असे कोणी लिहू नये. परीक्षक लगेच अडवेल, आणि बरोबरच अडवेल : ज्यांचे मन आधीच खंबीर तेच समाज शाळा ताब्यात घेऊ शकले, असेही असू शकते. तरी एक गोष्ट पक्की होते. 'या लोकांत आत्महत्या फार' हे वाक्य शास्त्रीय नाही. कोणत्या समाजात, कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्याशिवाय सरासरीला अर्थ राहत नाही.

१९९१ च्या राजकीय आयोगानेही आकडा असाच उलगडला होता. कोठडीत आल्यावर मूळ रहिवासी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मरतात, असे आयोगाला आढळले नाही. ते मुळात कितीतरी जास्त संख्येने कोठडीत येतात, म्हणून मृत्यूही जास्त. म्हणजे प्रश्न अटकेपासूनच सुरू होतो. आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतरही पाचशेहून अधिक मूळ रहिवासी कोठडीत मरण पावले आहेत.

शिकवतो कोण, शिकतो कोण

न्यू साऊथ वेल्समधील वॉगा वॉगा हे शहर विराजुरी लोकांच्या भूमीत आहे. वर उल्लेखिलेले कूटामंड्राचे वसतिगृहही त्याच भूमीत होते. या वॉगा वॉगा येथे चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात १९९० च्या दशकात 'जिरूवांग' हा मानसिक आरोग्याचा पदवी अभ्यासक्रम आकारास आला, तो केवळ मूळ रहिवासी विद्यार्थ्यांसाठी. त्याची रचना विचार करण्यासारखी आहे. विद्यार्थी आपल्या गावीच राहतो, काही दिवसांच्या निवासी वर्गांसाठी विद्यापीठात येतो आणि उरलेला काळ प्रत्यक्ष सेवेत शिकतो. पुढे राज्याच्या आरोग्य खात्याने अशा विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून पगारी नोकरीत घेण्याची योजना आखली. कुटुंब सांभाळणाऱ्या, चाळिशीत पहिल्यांदा विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या स्त्री-पुरुषांना त्यामुळे पदवी घेता आली. शिक्षण घेण्यासाठी समाज सोडावा लागू नये, ही त्यामागील दृष्टी. लिस्मोर येथील सदर्न क्रॉस विद्यापीठात जुडी अॅटकिन्सन यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या आघाताचा अभ्यास शिकवला. त्यांचा त्यावरील ग्रंथ २००२ मध्ये आला. तरीही देशातील एकूण मानसशास्त्रज्ञांत मूळ रहिवासी आजही एक टक्क्यापेक्षा कमी आहेत. त्यामुळे दूरच्या गावात रुग्णासमोर बसणारा माणूस बहुधा परका असतो, आणि त्या परक्यांत आता भारतातून गेलेले परिचारक व डॉक्टरही मोठ्या संख्येने असतात.

आपल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात.

पहिली 'दादिरी'विषयी. नॉर्दर्न टेरिटरीतील नौयू येथील ज्येष्ठ शिक्षिका मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी १९८८ मध्ये आपल्या लोकांची ही रीत बाहेरच्यांना समजावून सांगितली : आत खोलवर ऐकणे, शांत, सजग थांबणे, घाई न करणे. आज समुपदेशनाच्या वर्गांत ती शिकवली जाते. आमच्या अभ्यासवर्गात हे वाचताच कोणीतरी म्हणतेच, 'अहो, ही तर आपली विपश्यना!' साम्य वाटणे स्वाभाविक आहे. पण दादिरी त्या भूमीशी, तेथील नदीशी, तेथील ऋतूंशी बांधलेली आहे. तिला लगेच आपल्या नावाने हाक मारली की तिच्याबद्दल शिकायचे काही उरत नाही. साम्य मनात ठेवावे आणि ऐकत राहावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपले विद्यार्थी तेथे मोठ्या आत्मीयतेने जातात. आपणही बहिष्कार पाहिला आहे, आपल्या आजोबांनी सोसले आहे, तेव्हा हे लोक आपल्याला आपलेच मानतील, अशी त्यांची भावना असते. ही भावना खरी आहे आणि तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु रुग्णाच्या दृष्टीने तुम्ही सरकारी इस्पितळाचा बिल्ला लावलेले, त्याच्या भूमीवर बाहेरून येऊन नोकरी मिळवलेले माणूस असता. तो स्वतःची हकिकत सांगू लागताच मध्येच 'आमच्याकडेही असेच' म्हणून आपली हकिकत सुरू करणे हे ऐकणे नव्हे. तो विचारील तेव्हा सांगावी. तेथे 'यार्निंग' म्हणून एक पद्धत आहे. वरवर पाहता पारावरच्या गप्पा. तू कुठला, तुझे लोक कोण, इथपासून सुरुवात होते आणि मुद्द्यावर यायला तास जातो. डॉन बेसरॅब व ब्रिजेट नगांडू यांनी २०१० मध्ये तिचे प्रकार वेगळे करून दाखवले व ती संशोधनाची पद्धत म्हणून मान्य झाली. आपली ओळख सांगण्याची जागा तेथे असते, आणि ती पुरेशी असते.

शेवटी, जे पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय घेतील त्यांच्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. मूळ रहिवाशांविषयी संशोधन करायचे तर विद्यापीठाच्या नेहमीच्या नीतिसमितीखेरीज संबंधित समाजाची संमती लागते, आणि बऱ्याच ठिकाणी मूळ रहिवाशांच्या स्वतंत्र नीतिसमितीचीही. राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत परस्पर देवाणघेवाण, आदर, समता, जबाबदारी, सांस्कृतिक सातत्य आणि निष्ठा ही मूल्ये सांगितली आहेत. त्यांतील देवाणघेवाणीवर परीक्षक हमखास प्रश्न विचारतात : तुम्ही माहिती नेली, त्यांना काय दिले? गोळा केलेली माहिती कोणाच्या मालकीची, प्रबंध छापण्यापूर्वी तो कोण वाचणार, हे आधीच लेखी ठरवावे लागते. या सर्वाला काही महिने लागतात. वस्तीत मृत्यू झाला तर शोककाळात सर्व कामे थांबतात, भेटी रद्द होतात, आणि शोक किती दिवसांचा हे बाहेरच्याने विचारायचे नसते. तेव्हा दोन वर्षांच्या पदवीत प्रबंधाचा विषय पहिल्याच सत्रात ठरवून स्थानिक आरोग्य संस्थेशी पत्रव्यवहार सुरू करावा, आणि वेळापत्रकात मोकळे आठवडे आधीच राखून ठेवावेत.